हद्दीवरची जाळी आणि बाबांचं ‘नाही’

कुंडारू, क्वीन्सलंड
१४ ऑगस्ट १९८८

प्रिय थेल्मा आत्यास,

टास्मानियाच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत, फक्त घरात दोन पक्ष पडलेत.

आधी दुरुस्ती. सार्वमतात देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ‘हो’ लिहिलं की राज्यघटनेत गावच्या परिषदांचं नाव येणार, असं मी मागे लिहिलं होतं. तेवढ्यानं भागत नाही. सहापैकी चार राज्यांतही ‘हो’ची सरशी व्हावी लागते. (आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलंय मला; चूक खोडून शेजारी बरोबर उत्तर लिहिल्याशिवाय अजून घास उतरत नाही.) दुसरी चूक मोठी. बाबा ‘हो’च्या बाजूचे आहेत, असं मी कळवलं होतं. परिषदेचे अध्यक्षच ते, म्हणून मी धरून चालले. ते कट्टर ‘नाही’वाले निघाले.

राज्य सरकारच्या मनात आलं, तर आमची परिषद शेजारच्या मोठ्या परिषदेत विलीन होईल. आमचं रस्ते सपाट करणारं एकुलतं एक ग्रेडर तिकडे जाईल आणि पुरानंतर ओढ्यापलीकडची घरं तशीच अडकून पडतील. घटनेत आमचा उल्लेखच नाही, तर दाद कशाच्या जोरावर मागायची? (उल्लेख झाला की विलीनीकरण थांबेलच, असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण आम्हाला पुसताना त्यांचा हात जरा तरी थरथरेल.)

गुरुवारी सभा होती. राज्याचा हमरस्ता संपून आमचा रस्ता सुरू होतो, तिथली गुरं अडवणारी लोखंडी जाळी तुला आठवत असेल. तिची एक सळई निखळली आहे. परिषद म्हणते जाळी राज्याची, राज्य म्हणतं परिषदेची. माझ्या गाडीचं चाक नेमकं तिथे अडकलं, आस मोडला आणि मांडीवरचे खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक थेट समोरच्या काचेवर! मी केसांत खोबरं घेऊन सभागृहात पोचले. म्हटलं, भाषणाला याहून चांगला पुरावा कुठला?

घटनेनं आपली ओळख मान्य केली पाहिजे, असं मी म्हणाले मात्र, लोकर कातरणारा म्हातारा मर्व टीग ओरडला, “अगं रॉझी, इथं आपल्याला कोण ओळखत नाही? माझी कुत्री तुझ्या बापाला लांबून ओळखते, म्हणून तर भुंकते!”

हशा विरायच्या आत बाबा उठले. “आज कॅनबेराचं केंद्र सरकार नाव विचारतंय. उद्या घराची किल्ली मागेल.”

“आणि बाबा, ब्रिस्बेनच्या राज्य सरकारच्या खिशात आत्ता कुणाच्या घराची किल्ली आहे?”

बाबा म्हणाले, “आधी केसातलं खोबरं काढ.” पुन्हा हशा. पण निघताना मर्व कानाशी पुटपुटला, “पोरी, ते किल्लीचं परत सांग बघ.” आत्या, आम्ही जिंकू शकतो!

म्हणून ठरवलंय. मतदानाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी डावीकडे बाबा ‘नाही’ची पत्रकं वाटतील आणि उजवीकडे मी ‘हो’ची.

तुझी,
रॉस्लिन

ता. क. खरं काम हे. तुमच्या राज्यात माणसं थोडी, त्यामुळे तुझं एक मत इथल्या कितीतरी मतांना भारी. ‘हो’ लिही. पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणींनाही लिहायला लाव. आणि बाबांना फोनवर काही बोलू नकोस. उजव्या बाजूचं त्यांना अजून माहीत नाही.

ता. क. २. माझी गाडी तोवर दुरुस्त होत नाही. त्यामुळे मी बाबांच्याच गाडीतून जाणार, ‘हो’ची पत्रकं लॅमिंग्टनच्या डब्याखाली लपवून. मतदान शनिवारी, ३ सप्टेंबरला.