कुलूप उघडणारं माणूस

प्रिय कालिने,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, मी दोब्रिनाच आहे. आतून चावी पडली असेल ती आधी उचलून ठेव. बाकीचं शेवटी सांगते. तू नेहमीसारखी शेवट आधी वाचू नकोस म्हणजे झालं.

शनिवारी नेवेनाच्या शहरी, रूसेला जाऊन आले, एकटीच. नेवेनाच्या दफनाला मला जाता आलं नाही हे तुला ठाऊक आहे. इकडे प्लोवदिवच्या इस्पितळात मी तापाने फणफणले होते. शुद्धीवर आले तोवर माझ्या जुळ्या बहिणीला मूठमाती देऊन लोक घरी गेले होते. त्यामुळे आम्हाला वेगळं करायचं राहूनच गेलं. आपल्या गावात हे राहिलं असतं का गं? मागे उरलेल्या जुळ्याचा पाय गेलेल्याच्या पायाशी साखळीने बांधायचा, कुलूप घालायचं आणि नात्याबाहेरच्या कुणीतरी ते उघडायचं. जी उघडेल ती जन्माची बहीण, जो उघडेल तो भाऊ. नाहीतर गेलेलं माणूस उरलेल्याला ओढून नेतं. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण ती गेल्यापासून माझा डावा पाय जड झालाय, आणि डॉक्टर म्हणतात पायाला काही झालेलं नाही. म्हणून आजीची साखळी न् कुलूप पिशवीत घालून निघाले.

बसमधून उतरले तर रस्त्यातल्या झाडाझाडावर माझाच चेहरा! तिला जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून शेजाऱ्यांनी तिच्या फोटोचे शोककागद चिकटवले होते. काळ्या चौकटीत नाव नेवेनाचं, पण तोंड आमचं एकच ना! लोक कागदाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि छातीवर क्रूसाची खूण करत पलीकडच्या बाजूला जायचे. मला आधी हसू आलं, मग येईनासं झालं.

भूक लागली म्हणून कोपऱ्यावरच्या बनित्साच्या दुकानात शिरले. तिथल्या म्हातारीने न विचारता भोपळा भरलेली, पापुद्र्यांची गरम बनित्सा कागदात बांधून दिली. नेवेनाची आवडती, मला भोपळा बघवतही नाही. वर म्हणते कशी, “काल दोन नेल्यास, आज एकच? रुसलीस का माझ्यावर?” अगं, काल तर मी प्लोवदिवला होते! म्हटलं, “मावशी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय.” तर म्हणाली, “घोटाळा कसला? डाव्या हाताने पैसे देणारी गिऱ्हाइकं काय मला ढिगाने आहेत?” मी खाली पाहिलं. नाणी माझ्या डाव्या हातात होती. मी उजव्या हाताची, ती डावखुरी; शाळेत पेंकाबाई आम्हाला त्यावरूनच तर ओळखायच्या.

मग नुसती भटकत राहिले. त्या शहरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण कुठे वळायचं ते पायांना पाठ होतं. पोपडे सुटलेली पिवळी घरं, दारांवरचे दगडी चेहरे, आणि दर चार दारांआड पुन्हा मी, काळ्या चौकटीत. उतारावरून थेट डॅन्यूबच्या काठी आले. धुक्यात पलीकडचा रुमेनिया दिसत नव्हता. गळ टाकून बसलेला एक म्हातारा मान न वळवता म्हणाला, “आलीस? तो बघ बाकावर तुझा हातमोजा. विसरून जातेस आणि मला राखण करायला लावतेस.” डाव्या हाताचा होता. मी घातला. कालिने, तो आतून ऊबदार होता. कडाक्याच्या थंडीत बाकावर पडलेला हातमोजा!

तिथून पळतच दफनभूमी गाठली. कुलूप उघडाल का विचारलं, तर पाद्री म्हणाले, “बाई, हे आमचं काम नाही. मेणबत्ती लावा आणि घरी जा.” थडगी खणणाऱ्याला विनवलं, तर तो फावडं टेकवून म्हणाला, “कुलूप उघडायचं म्हणजे भाऊ व्हायचं. मला सख्खी बहीण एक आहे, तीच पुरून उरलीये.” आणि निघून गेला. मग मीच साखळी तिच्या क्रूसाला आणि माझ्या पायाला घातली, आणि कुलूपही मीच उघडलं. इथेच चुकलं. स्वतःचं कुलूप स्वतः उघडायचं नसतं. आणि माझ्या हातून तरी ते कुठे उघडलं? चावी फिरवली ती डाव्या हाताने.

तेव्हापासून पेन उजव्या हातात धरवत नाही. हे अख्खं पत्र डाव्या हाताने लिहिलंय, आणि हे तिचंच अक्षर आहे. तुझ्याकडे तिची पत्रं असतील, ताडून बघ. रात्री झोपेत उठून मी दारापर्यंत जाते, कोट घालून. म्हणून आज पुन्हा कुलूप घातलंय. साखळीचं एक टोक माझ्या पायात, दुसऱ्या टोकाला तिचा हातमोजा, आणि मधोमध पलंगाचा लोखंडी पाय. चावी एकच, ती तुझ्या हातात आहे. पत्र शेजारीण टाकेल. लहानपणी आमच्यामागे धावत “मलाही तिसरी घ्या ना गं” म्हणून रडायचीस, आठवतं? घेतलं बघ. सिलिस्त्राहून मिळेल ती गाडी धर आणि ये. मला मरायची भीती वाटते, कालिने, आणि तिच्याकडे जावंसंही वाटतं, त्याची जास्त वाटते. दार नुसतं लोटलेलं असेल. कुलूप उघडण्याआधी नावाने हाक मार, आणि मी कोणत्या नावाला ओ देते ते बघ.

तुझीच,
अजून तरी दोब्रिना