न्हावऱ्याच्या गाईचा मेंदू

१२ फेब्रु.
न्हावरे. दत्तूआप्पांची गाय. लाळ गळतेय, गिळता येईना. आप्पा म्हणाले, "घशात कायतरी आडाकलंय, बघा म्याडम." हात घातला. ग्लोव्ह्ज गाडीतच. काहीच अडकलं नव्हतं. निघताना हंबरली, आवाज घोगरा, फाटका.
कुत्रं चावलं होतं का? "न्हाई." विचारून संपायच्या आत.

१३ फेब्रु.
गाय गेली. पोचले तर जेसीबीनं खड्डा काढलेला. इतकी घाई? आधी मेंदूचे तुकडे काढून घेतले. घरच्या सगळ्यांना म्हटलं, पिसाळल्याची लस घ्या. आप्पा नुसते हसले. मी शिरूरला माझी घेतली, मग केडगावला घरी.

१५ फेब्रु.
पुण्याला, मैत्रिणीच्या, मेधाच्या लॅबमध्ये. काचेवर मेंदूचा ठसा, त्यावर विषाणूलाच चिकटणारी अँटीबॉडी, तिला जोडलेलं रंग आणणारं एन्झाइम. विषाणू असेल तिथंच लाल रंग, बाकी निळा. पहिली काच निळीशार. मेधा: "निगेटिव्ह आहे गं." पटेना. तुकडा मेंदूच्या वरच्या भागातला होता; विषाणू हमखास सापडतो तो खाली, मणक्याकडच्या देठात. देठाकडचा लावायला लावला.
निळ्यावर तिखट सांडल्यासारखे लाल ठिपके. अँटीबॉडी न घातलेली काच मुद्दाम शेजारी ठेवली होती, तिच्यात एकही नाही. रंग खरा.
माझा उजवा हात बघत बसले.

१६ फेब्रु.
आप्पांना फोन. "काचंत काय बी दिसतंय." ठेवला.
दुपारी त्यांच्या सुनेचा, सुनीताचा. हळू आवाज. "आमच्याच कुत्र्यानं धरली हुती तिला, संक्रांतीच्या आधी. कुत्रं मेलं. डेअरी दूध बंद करंल म्हनून मामंजी गप हायेत."
कुत्र्यानं आणखी कुणाला...? फोन कटला.

१७ फेब्रु.
सुनीता आप्पांना शिरूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी जखम विचारली. आप्पा छताकडं बघतायत.
"पाय दावा की, मामंजी."
पोटरीवर दोन काळपट वण. "काटा लागलाय." डॉक्टर म्हणाले, लशीबरोबर वणाभोवती सीरमही, म्हणजे तयार अँटीबॉडीही, टोचावं लागेल. आप्पा उठले. सुनीता दारात आडवी. "तुमी न्हाई घेतलं तर मी बी न्हाई घेनार."
बसले.

२० फेब्रु.
दोघांचा पुढचा डोस. बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, "त्यो लाल रंग माज्या डोक्यात बघता येतोय का?"
जिवंतपणी तसा नाही, म्हटलं. इंजेक्शनं पुरी करा.
सुनीतानं बाजूला घेऊन सांगितलं, सकाळी आप्पांना चहा पिताना ठसका लागला. मागून आप्पा: "गरम हुता."
पिसाळल्याची लागण झालेल्याला पाणी गिळवत नाही; रसवंतीवर पाणी मागवलं मी. त्यांनी पेला घेतला, माझ्याकडं बघत अर्धा प्यायले. उरलेलं ओतून दिलं.
का, ते विचारवलं नाही.