कापसाच्या ढिगात पुरलेला पत्रा

समुद्रपूर, २१ जानेवारी १९७९

बर्फात दोर अडकवायचा तो कशात, हे डोक्यातून जातच नाही. मे महिन्यात हिमालयातल्या शिबिराला जायचंय, म्हणजे आई हो म्हणाली तर. गिर्यारोहण शिकवणारे आमचे नागपूरचे सर सांगत होते, आधी लोक लाकडाचा ओंडका नाहीतर हातातली कुऱ्हाडच बर्फात आडवी पुरत. पुढे कोणाला तरी सपाट पत्रा सुचला. तिरपा पुरला की ओढल्यावर उपटत नाही, उलट खोल जातो. असं कसं? आणि त्यावर पहिल्यांदा भार टाकणाऱ्याने विश्वास कसा ठेवला असेल?

इथे बर्फ कुठला. पण वेचून आणलेल्या कापसाने मधली खोली भरली आहे. लोहाराकडून आणलेला पत्रा मी ढिगाच्या उतारात उभा खोचला, त्याला बांधलेला दोर ओढला आणि पत्र्यासकट उताणी पडले.

आई दारात उभी. "काऊन ढीग इस्कटून राह्यली वं? बैलबंडीत भरतो तसा तुडव ना पह्यले."

सरांनीही आधी बर्फ तुडवायला सांगितलं होतं, मीच विसरले. तुडवला, पत्रा मागे कलता ठेवला. टिकला.

मग आईने दोर माझ्याकडून घेतला, कमरेला गुंडाळला आणि सगळं अंग मागे टाकलं. "तुह्या वजनानं काय समजन," म्हणाली. बराच वेळ ओढत होती. उपटावा, असंच वाटत असणार तिला.

काढायला गेले तर पत्रा हातभर खोल. शेवटी आईनेच कोपरापर्यंत हात घालून काढला, कापूस झटकला आणि शिबिराला न्यायच्या माझ्या पिशवीत तळाशी ठेवला.