खिडकीतल्या काचनळीचा वारस

मी, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत 'मीठवाली' म्हणून ओळखली गेलेली, हे लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी वकील भाची समोर बसून "मावशी, थोडक्यात लिही" म्हणते आहे, पण तिचं मी कधीच ऐकलेलं नाही.

१. राहतं घर भाचीला. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी तिने बुजवू नये.

२. औषधपाणी भागवून बँकेत जे उरेल ते घरकामाला येणाऱ्या ताईंना, फ्रीजसकट. फ्रीज का, ते पुढे येईल.

३. तराजू आणि काचसामान मी शिकवत होते त्या कॉलेजला. माझ्या जुन्या विभागप्रमुखांना काहीही नाही. "बाई गुळण्यांचं पाणी करतात," असं ते माझ्या कामाला भर बैठकीत म्हणाले होते. त्यांचा घसा बसल्यास चिमूटभर मीठ द्यायला हरकत नाही.

४. खिडकीतली बंद काचनळी माझ्या पतींना. यापुढे त्यांना 'तो' लिहिते, कारण वर्गमित्राला अहो-जाहो करणं मला लग्नानंतरही जमलं नाही.

नळीत पाणी आहे आणि त्यात मीठ व पॉलिमर विरघळवले आहेत. एकेकट्याने दोघांचंही पाण्याशी छान जमतं. एकत्र आले की पाण्यावरून ओढाताण सुरू होते. गारव्यात पॉलिमर आपलं पाणी धरून ठेवतो आणि सगळं नितळ राहतं. उकाडा वाढला की त्याची पकड सुटते, द्रव गढूळतो आणि हळूहळू दोन थर होतात, वर पॉलिमरचा, खाली मिठाचा. पाणीच जास्त, दोन्हींकडे. हे किती तापमानाला होतं ते त्याने गणिताने काढलं आणि मी डोळ्यांनी पाहिलं. दोन अंशांचा फरक आला.

"तुझा थर्मामीटर बिघडलाय," तो म्हणाला.

"आणि तू कधी नळी हातात तरी धरलीस का?" मी म्हणाले.

त्यावरचा आमचा शोधनिबंध छापायचा राहिला. पुढे त्याने परगावी नोकरी धरली, वर्षभरासाठी. ते वर्ष अजून संपलेलं नाही. आम्ही भांडून वेगळे झालो नाही. दोन थरांत फरक अगदी थोडा असला की ते सुटायला फार वेळ लागतो, हे आम्हीच कॉलेजातल्या मुलांना शिकवायचो. आमचंही तसंच झालं. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला.

गेल्या उन्हाळ्यात ताईंना नळी गढूळ दिसली. "नासलं वाटतं," म्हणत त्यांनी ती फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी दूध काढताना माझ्या हाताला लागली. सवयीने उलटीसुलटी केली, तर थर नाहीसे. नळीतून पलीकडची अंडी स्वच्छ दिसत होती. फ्रीजचं दार उघडं टाकून मी तिथेच रडत बसले. मला तो घरात हवा आहे. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे नोंदवते.

५. साक्षीदारांविषयी. भाची म्हणते, "दोन लागतात. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने सही करायची नाही. केली तर त्याच्यापुरतं कलम रद्द."

"म्हणजे तो इथे येऊन माझ्यासमोर सही करून गेला, तर नळी त्याला मिळणार नाही?"

"नाही मिळणार."

"मग दुसरा साक्षीदार तोच."

"अगं मावशी, मग कलम चार लिहिलंस कशाला?"

मी फोन उचलला आणि त्याचा नंबर लावला.

पहिला साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर. हाक मारली की येतो म्हणाले आहेत.

दुसरा साक्षीदार: माझे पती. त्याला आज फोन करून कळवलं आहे. "बघतो" म्हणाला, आणि मग थर्मामीटर कुठला वापरतेस ते विचारलं.

ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.

सही: दोघे समोर बसल्यावर करीन. तोवर हे मृत्युपत्र अपुरं आहे, आणि ते अपुरं ठेवून मरायची माझी तयारी नाही.

तारीख: तो येईल ती.