सुनेवर माया नसल्याच्या शेऱ्याबाबत अंबूबाईंचा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
अवयव प्रत्यारोपण मंजुरी समिती

अर्जदार : अंबूबाई उकंडराव पडोळ, वय ५७, रा. धाड, ता. जि. बुलढाणा

विषय : सून दीपमाला हिला किडनी देण्यास "आपुलकी दिसून येत नाही" या कारणाने दिलेला नकार मागे घेणेबाबत.

संदर्भ : समितीपुढील तोंडी चौकशी व नंतर आलेले आपले पत्र.

महोदय,

१. चौकशीत आपण अर्जदार बाईस "सुनेवर माया आहे का?" असे विचारले. त्याआधी आपणच "खरे बोला" अशी ताकीद दिली होती. त्यास अनुसरून बाईने "तिचं तोंड पाह्यलं का मले तिडीक येते" असे सांगितले. ते कॅमेऱ्यात आहे, बाई नाकारत नाही. किडनी द्यायला तोंड आवडावे लागते, हे बाईस कोणी कळवले नव्हते.

२. आपले चौकशी साहेब गावात येऊन शेजारीण सत्यभामाबाईस विचारून गेले. "तेरा वर्सं झाले, दोघीच्या चुली येगळ्या, भांडन तेवढं एकत्र," असे तिने सांगितले, तेही खरे आहे. परंतु आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बाईने सुनेच्या हातची पाण्याची बाटली हिसकावली, याला आपण पत्रात "क्रूर वागणूक" म्हटले आहे. दीपमालास दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा धरायचा. दुपारपर्यंतच तिने ते संपवले होते. वरचे पाणी तिच्या छातीत साचते, हे डॉक्टरांनी बाईस सांगितले आहे. समितीस कोणी सांगितले नसावे.

३. "अर्जदारास आजाराची व उपचारांची समज नाही" असेही आपण लिहिता. समज अशी आहे. गेलेली किडनी माघारी येत नाही. गोळ्या-पथ्याने ती सावकाश जाते, पण ती वेळ निघून गेली. आता आठवड्यातून दोनदा एस.टी.ने बुलढाणा, चार तास मशीनवर रक्त धुणे, आणि घरी येऊन चिंधीसारखे पडून राहणे. नाहीतर दुसऱ्याची किडनी. दीपमालाचा नवरा, म्हणजे बाईचा मुलगा शेखर, यास शुगर आहे, त्याची चालत नाही. दीपमालाचे आईबाप हयात नाहीत. सख्खा भाऊ गजेंद्र हो म्हणाला आणि तपासणीच्या दिवशी त्याने फोन बंद ठेवला. कायद्याने तो जवळचा, त्यामुळे त्याच्याकडे मायेचा पुरावा आपण मागितला नसता. बाईचे सर्व जुळले, तर बाई परकी.

४. कायद्यात आपुलकीशिवाय "अन्य विशेष कारण" असेही आहे, असे वकील सांगतात. बाईस ते आहे. चौकशीत शेखर शेजारी बसलेला होता, म्हणून सांगितले नाही.

दोन वर्षे दीपमाला कंबर दुखते, सांधे दुखतात म्हणत होती. शेतात कधी पेरणी, कधी सोंगणी चालूच असे. बाईने "नाटकं नको करू" म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ तिच्या हातावर ठेवल्या. डॉक्टरला विचारले नाही. पुढे पाय सुजले, जोडवी रुतली. बाईने ती कापून काढली आणि पुन्हा गोळी दिली. आजार आधीचा होता, पण उरलेले गोळ्यांनी संपवले, असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या कोणी दिल्या, असे त्यांनी विचारले तेव्हा दीपमाला म्हणाली, "मीच घेतल्या."

त्यानंतरही भांडणात तिने बाईचे माहेर काढले, सात पिढ्या काढल्या. ही गोष्ट आजवर एकदाही काढली नाही. बाईस हे सहन होत नाही.

तरी यास आपुलकी म्हणावे की आणखी काही, ते समितीने ठरवावे. मशीन थांबत नाही, म्हणून लवकर ठरवावे.

आपणास नम्र राहणे भाग असलेली,
अंबूबाई उकंडराव पडोळ
दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत : तपासणी अहवाल, नकाराच्या पत्राची प्रत.

टीप : मंजुरी मिळो वा न मिळो, परिच्छेद ४ दीपमालास वाचून दाखवू नये. डॉक्टरांपुढे ती जे बोलली, ते तिच्यासमोर खोटे ठरवू नये.