कंपनीच्या कापडावरचे बिबडे

शनिवार, १४ मार्च

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

इकडे सगळे जिवंत आहेत. म्हैस व्याली, पारडी झाली. माझा गुडघा होता तसाच आहे, त्याची चौकशी करू नको, केल्याने बरा होत नाही. तुझ्या बापाला, योगराजला, सांग की तिकडे देवपुरात पाणी भरून ठेवत जा. तो विसरतो.

पत्र बघून हसशील. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच. फोन केला असता, पण तू लगेच ‘थांब जरा, स्पीकरवर टाकते’ म्हणतेस आणि मग तुझ्या चार मैत्रिणी माझं बोलणं ऐकून खिदळतात. पत्राला स्पीकर नसतो.

होळीच्या आधी तू व्हिडिओत बेबाबाईचे ज्वारीचे बिबडे दाखवलेस, तरी अजून गावात दुसरा विषय नाही. त्या तेलकंपनीने तुला पैसे दिले, तू तिच्या तेलात बिबडे पापडासारखे तळून दाखवलेस, आणि आता पुण्या-मुंबईची माणसं बेबाबाईला फोन करतात. माझी धाकटी जाऊ, जिला लग्नात पाटावर नीट बसता येत नव्हतं, ती आता म्हणते, ‘ऑर्डर आली अक्का, दम खायला वेळ नाही.’ पदर सावरते काय, मान वेळावते काय. मधल्या भिंतीला कान लावायची गरज नाही, ती मुद्दाम मोठ्याने बोलते.

खोटं कशाला बोलू, गल्लीचं भलं झालं. सुकदेवची ज्वारी बाजारात न्यावी लागली नाही, दारातच उचलली. गिरणी दुपारीही सुरू असते. भटूची रिक्षा रोज खोकी घेऊन धुळ्याच्या स्टँडवर जाते. लताबाई आणि आणखी पाचसहा बाया तिच्याकडे ज्वारीचा घाटा शिजवून हाटायला बसतात. लताबाईचा नवरा दरसाल होळी झाली की बायकापोरं घेऊन सुरतेला कामाला जातो. यंदा बांधलेलं गाठोडं सोडून ठेवलं. एवढं सगळं तुझ्या फोनच्या डबीतून निघालं, हे मी मान्य करते. एकदाच करते, परत विचारू नको.

पण तुझ्या कंपनीला अक्कल नाही.

मागच्या सोमवारी कंपनीचा पोरगा आला आणि नवंकोरं पांढरं कापड देऊन गेला. कापडभर लाल अक्षरात कंपनीचं नाव. म्हणाला, बिबडे यावरच घाला, फोटोत छान दिसेल. मी आमच्या घरावरच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालत होते. खाली बेबाबाईच्या अंगणात खाटांवर ते कापड अंथरलं, तसंच, न धुता. मला वरून दिसत होतं. खळ न गेलेल्या कापडाला घाटा धरून बसतो, हे माझ्या सासूने मला तिखटमिठाच्या आधी शिकवलं. बेबाबाईलाही शिकवलं होतं. पण कंपनीचं कापड म्हटल्यावर तिला ते पाण्यात घालवेना. नाव खराब होईल म्हणाली.

मी वरून एक शब्द बोलले नाही. मिरच्या पालथ्या केल्या आणि बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून पाणी मारलं आणि ओढायला लागल्या, तर निम्मे बिबडे फाटले. जे निघाले त्यांच्यावर तुझ्या कंपनीचं नाव उलटं उमटलेलं, लालभडक. मी हसले. पदर तोंडात धरून हसले. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

संध्याकाळी बेबाबाई दारात आली. ‘अक्का, बठ्ठा बिबडा वाया गयात. तुमनाकडे जुना धोतरं शेतस का?’

मी म्हटलं, ‘जाय, तुनी कंपनीले मांग.’

ती आल्या पावली परत गेली. भांडली असती तर जेवण गोड लागलं असतं. मग पलीकडून लताबाईचा आवाज आला. नवऱ्याला सांगत होती, ‘गाठोडं परत बांधून ठेवा. काही भरवसा नाही.’

आता लताबाईशी माझं काय वाकडं?

सकाळी ट्रंक उघडली. तुझ्या आजोबांची धोतरं धुऊन धुऊन सायीसारखी झाली आहेत. माणूस कधी वेळेला उपयोगी पडला नाही, धोतरं पडली. भिंतीवरून पलीकडे टाकली, हातात दिली नाहीत. बिबडे अलगद निघाले. ऑर्डर गेली. बेबाबाईने वाटीभर गरम घाटा पाठवला. मीठ कमी होतं. मी संपवला.

आता तुझा निरोप. कंपनी व्हिडिओ काढायला पुन्हा येणार, बेबाबाईचं अंगण लहान पडतं, म्हणून आपलं धाबं पाहिजे. ‘तुला काहीच करायचं नाही, तू आत आराम कर,’ असं तू म्हणालीस. आराम.

दिपमाला, तो व्हिडिओ मी पाहिला नाही असं तुला सांगितलं होतं. पाहिला. भटूच्या फोनवर, त्याच्या रिक्षात बसून, पुन्हा पुन्हा लावायला सांगून. बेबाबाईच्या खांद्यावर हात टाकून तू म्हणतेस, ‘ही माझी आजी.’ नुसतं आजी. चुलत नाही, बेबाआजी नाही. आता बाजारात बाया मला विचारतात, दिपमालाची आजी तुमची कोण लागते हो? मी सांगते, जाऊ लागते. काय चुकीचं सांगते?

मी शिव्या देते, तोंड वेडंवाकडं आहे, बेबाबाई गोड हसते, हे मला कळतं. कंपनीला गोड लागत असेल. तुला पण?

धाबं घे. झाडून ठेवते. धोतरं धुऊन ठेवते, कंपनीचं चिंधूक वर दिसलं तर खाली फेकीन. पण मी आत बसणार नाही. माझं धाबं आहे, मी मधोमध खाट टाकून बसेन. तो कंपनीचा पोरगा विचारेल, ही बाई कोण? मी उत्तर देणार नाही. तू द्यायचं, त्या फोनसमोर, जोरात. मला एका कानाने कमी ऐकू येतं.

तोवर पत्राखाली आजी असं मी लिहीत नाही.

तुझ्या बापाची आई,
प्रमिलाबाई