मास्तरांचा डबा

ठाणे, १२ नोव्हेंबर १९५८

प्रिय सगुणा,

हे पत्र तुला दुसऱ्या कुणी वाचून दाखवायची गरज पडणार नाही. चौथीत शाळा सुटली तुझी, पण माझ्या वर्गात तुझ्याइतकं स्वच्छ कोणी वाचत नव्हतं. तेव्हा एकटीनं वाच. तुझ्या आईवर, सखुबाईवर, नऊ वर्षांपूर्वी जो आळ आला त्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहितो आहे. तिच्या हयातीत लिहायला हवं होतं. ती गेल्याचं मला गेल्याच आठवड्यात कळलं.

शाळेतली आपली दुपारची पंगत तुला आठवत असेल. त्याआधी मुलं ओट्यावर जातीजातीनं बसत, आणि मिठागरावरची तुम्ही पोरं पाण्याच्या पिंपापलीकडं, भिंतीकडं तोंड करून. देश स्वतंत्र झाला, पण ठाण्यात अजून भाकरी स्वतंत्र झाली नाही, असं मी भर सभेत गरजलो होतो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर मी हेडमास्तरांना वाकवलं आणि सगळे डबे मधोमध ठेवायला लावले. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. चार आया भांडायला आल्या, त्यांना धर्म, इतिहास, आहारशास्त्र ऐकवून परत पाठवलं. सखुबाईच्या सुकटीच्या चटणीला आठवडाभर कोणी शिवलं नाही. मग वर्गातल्या ऑस्वल्डनं हात घातला, आणि त्याच्यामागून वकिलांचा मुलगा बोटं चाटत म्हणाला, “मास्तर, आमच्या घरी सांगू नका हां!” त्या दिवशी मी किती हसलो होतो! तुझी आई दुसऱ्या दिवसापासून दुप्पट चटणी द्यायला लागली.

माझ्या मुलाची, आनंदाची आई, लक्ष्मी, त्याच साली वारली होती. त्याचा डबा मी स्वतः करी आणि ते चारचौघांत अभिमानानं सांगत फिरे. पंगत सुरू झाल्यावर मी सगळ्यांना पुरेल असा मोठा पितळी डबा आणू लागलो. पुस्तकांत वाचून मोड आणायचे, गाजराच्या चांदण्या कापायच्या, काकडीच्या होड्या करून त्यांना पापडाची शिडं लावायची. मुलांना गंमत वाटली की पालेभाजीही पोटात जाते, यावर मी बायकांच्या मंडळात तासभर बोललो होतो. एकीनं विचारलं, “भांडी कोण घासतं हो तुमची?” सगळ्या हसल्या. मीही हसलो.

त्या दिवशी मोड आलेले मूग होते, टोमॅटो होते, आणि क जीवनसत्त्वासाठी वरून चार लिंबं पिळली होती. पहाटे सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडला. तू पहिला घास घेतलास आणि थुंकलीस. “मास्तर, कळकलंय ह्ये,” म्हणालीस. मी काय केलं? अन्न थुंकतेस म्हणून सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, भुकेलेल्या जगावर एक भाषण दिलं आणि तुला भिंतीशी उभं केलं. तू उपाशी राहिलीस. बाकीच्यांनी माझ्या धाकानं खाल्लं.

अडीचच्या सुमारास पहिलं पोर ओकलं. शाळा सुटायच्या आत सात जण आडवे झाले. आनंदा तीन दिवस इस्पितळात होता. पहिल्या संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आलो, तर भांडी घासणाऱ्या गंगुबाई डबा उजेडात धरून उभ्या होत्या. आतल्या कडेला हिरवं चढलं होतं. “कल्हई कधी लावलीत मास्तर? बाई गेल्यापासून नाहीच ना? आणि ह्यात आंबट घातलंत? कळकणारच की पितळेत!” एवढं बोलून त्यांनी डबा चिंचेनं लख्ख घासला आणि पालथा घातला. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. जे त्यांना ठाऊक होतं, ते मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. तुला ते दहाव्या वर्षी जिभेवर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक जमले. सुकट नासकी होती, असं ते घरूनच ठरवून आले होते. पुरावा काय, तर सगुणाला काही झालं नाही, यांना सवय असते. तुझी आई दारात, टोपली खाली ठेवून उभी होती. “दोन दिस उन्हात वाळवलेली मी. सोन्यासारखी होती. पोरांना वाईट घालीन काय मी? मास्तर, तुम्ही तरी सांगा!” सगळे माझ्याकडं वळले. तूही. आणि मी, ज्याला शब्दासाठी कधी थांबावं लागलं नाही, चष्मा पुसत बसलो. मनाशी म्हटलं, आता खरं सांगितलं तर विरोधक पंगत बंद पाडतील. पंगत त्याच दुपारी बंद झाली. तुझं नाव पटावरून गेलं. तुझ्या आईची सुकट गल्लीत कोणी घेईना, म्हणून ती टोपली घेऊन कल्याणला जाऊ लागली, हेही मला कळलं होतं. आपल्याच हातून पोरं आजारी पडली असं शेवटी तिलाही वाटू लागलं होतं का, हे तुला विचारायचं धाडस मला नाही. मला लाज वाटली होती, सगुणा. पंगतीचं कारण मी नंतर शोधलं. त्यानंतर अन्यायापुढं गप्प बसणाऱ्यांवर मी शेकडो भाषणं केली.

आता आज का लिहितो ते. मोहने गावातल्या नव्या बालवर्गात मुलांचं दुपारचं जेवण रांधायला बाई नेमायची आहे. नेमणाऱ्या मंडळात मी आहे. गेल्या आठवड्यात अर्जांत तुझा अर्ज निघाला, आईच्या नावापुढं ‘कैलासवासी’ लिहिलेला. कोणीतरी हसून म्हणालं, “अरे, ही त्या सखुबाईची पोर! हिच्या आईनं शाळेला विष घातलेलं. हिच्या हातात पातेलं देणार?” अर्ज बाजूला पडला. मी तिथंच बसलो होतो, आणि पुन्हा गप्प राहिलो. तेव्हा पुढच्या वेळी मी उठून बोलेन असं वचन तुला देत नाही. माझ्या तोंडाचा आता मलाच भरवसा नाही. रविवारी सकाळी दहाला मोहन्याला शेवटची सभा आहे. तुला बोलावलेलं नाही, तरी ये. हा कागद अध्यक्ष काळुरामशेठच्या हातात दे, आणि त्यांनी तो घडी घालून खिशात टाकायच्या आत परत मागून घे. तू स्वतः वाच, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. मी समोरच बसलेला असेन. खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे, म्हणजे हे माझं नव्हे असं मला म्हणता येणार नाही.

तुझाच, एके काळचा मास्तर,
परशुराम दौलत वैती